सौदा नेमका कुठे झाला?

२२ जुलै १९५९ रोजी अहमदाबाद आणि खामगाव यांच्यात ट्रंक कॉलवर एक सौदा ठरला. माल होता सरकीची पेंड. अहमदाबादच्या पेढीने मागणी केली आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावच्या जिनिंग व तेल गिरणीने होकार दिला. कागदावर काहीच उतरले नाही. पुढे ठरलेला माल मिळाला नाही असे सांगून अहमदाबादच्या पेढीने ३१,१५० रुपयांचा दावा लावला, आणि तो लावला अहमदाबादच्या न्यायालयात. खामगावकरांचे म्हणणे असे की, आम्ही होकार दिला तो खामगावात बसून. म्हणजे सौदा खामगावात झाला, अहमदाबादच्या न्यायालयाचा इथे संबंध काय?

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६५ साली निकाल लागला आणि तिघा न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला. दोघांनी सांगितले की पत्राने होकार कळवला तर पत्र टपालात पडताच सौदा पक्का होतो, पण टेलिफोनवर समोरच्याने होकार ऐकल्यावरच तो पक्का होतो. होकार अहमदाबादेत ऐकला गेला, म्हणून सौदा अहमदाबादेत झाला. तिसरे न्यायमूर्ती होते मोहम्मद हिदायतुल्ला. नागपुरात वकिली केलेले, तिथल्याच उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले आणि पुढे भारताचे पहिले मुस्लिम सरन्यायाधीश झालेले. त्यांचे मत वेगळे पडले. आपला करार कायदा १८७२ चा, म्हणजे टेलिफोन येण्याआधीचा. पण त्याचे शब्द जसे आहेत तसे वाचले, तर होकार देणाऱ्याच्या तोंडून शब्द निघून तारेवर गेले की समोरचा बांधला जातो. म्हणून सौदा खामगावातच झाला, असे त्यांनी लिहिले.

सरकीच्या पेंडीच्या या भांडणात जो प्रश्न होता, तोच आज आपल्या घराघरात आहे. मुंब्रा, मालेगाव, चिपळूण, सोलापूर कुठेही घरात बसून कोणी मोबाईलवर इस्तंबूलचा हिजाब मागवते, कोणी दुबईचा ऊद, कोणी चीनमधला शिलाई यंत्राचा सुटा भाग. कुणी परदेशी शिक्षकाच्या ऑनलाइन वर्गाची फी भरते. बोट पडद्यावर टेकले की पैसे जातात. मग वस्तू आलीच नाही, फाटकी आली, चित्रात होती त्याहून वेगळी आली, तर तीन प्रश्न उभे राहतात. हा सौदा कायद्याने सौदा ठरतो का? तो सिद्ध कसा करायचा? आणि दाद मागायची कुठे, आपल्या गावात की विकणाऱ्याच्या देशात?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे जगाने बऱ्यापैकी एकमताने दिली आहेत. तिसऱ्यावर मात्र अजून एकमत नाही, आणि घरगुती ग्राहकाला सगळ्यात जास्त झळ तिथेच बसते. म्हणून या वेळी हा विषय मुळापासून समजून घेऊ.

कागदाऐवजी पडदा

संयुक्त राष्ट्रांनी १९६६ साली आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्यासाठी एक आयोग नेमला. त्याला 'अनसिट्रल' म्हणतात आणि त्याचे सचिवालय व्हिएन्नात आहे. देशादेशांचे व्यापारी कायदे एकमेकांशी जुळावेत हे त्याचे काम. या आयोगाने १९९६ साली इलेक्ट्रॉनिक व्यापाराचा एक नमुना कायदा तयार केला.

नमुना कायदा म्हणजे शिवणकामातल्या कागदी नमुन्यासारखा. तो स्वतः अंगात घालता येत नाही. प्रत्येक देश तो समोर ठेवतो आणि आपल्या मापाने कापड कापतो. संसदेने त्यावरून कायदा केला की मगच तो त्या देशात लागू होतो. ८० हून अधिक देशांनी या नमुन्यावरून आपापले कायदे शिवले आहेत.

त्यातला मुख्य विचार साधा आहे. कायदा कागद का मागतो? कारण कागद नंतर वाचता येतो, त्याची प्रत दोघांकडे राहते, खाडाखोड केली तर दिसते. सही का मागतो? कारण हे कोणी लिहिले आणि त्याला ते मान्य आहे का, हे कळते. हीच कामे ई-मेल किंवा संगणकातली नोंद करत असेल, तर निव्वळ ती कागदावर नाही म्हणून तिला नाकारू नये. कागदाचा मान कागद म्हणून नसून त्याच्या कामामुळे आहे, असे या कायद्याने धरले.

आपला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. तो १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि त्याच्या प्रस्तावनेतच संयुक्त राष्ट्रांच्या या नमुना कायद्याचा उल्लेख आहे. २००८ च्या दुरुस्तीने त्यात कलम १० अ आले. केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार निष्प्रभ ठरवता येणार नाही, असे ते कलम सांगते. खामगावच्या प्रश्नाचे उत्तरही याच कायद्यात, कलम १३ मध्ये आहे. दोघांनी वेगळे काही ठरवले नसेल तर संदेश पाठवणाऱ्याच्या व्यवसायाच्या ठिकाणाहून निघाला आणि घेणाऱ्याच्या व्यवसायाच्या ठिकाणी पोहोचला असे मानायचे. व्यवसायाचे ठिकाण नसेल तर राहते ठिकाण धरायचे. संगणकाचा सर्व्हर आयर्लंडमध्ये असो वा हैदराबादेत, तुम्ही ऑर्डर देताना एसटीत बसलेले असा वा लग्नाच्या हॉलमध्ये, त्याने फरक पडत नाही.

ईजाब-कबूल आणि दूर बसलेले दोघे

आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट माहीत असलेली बरी. संयुक्त राष्ट्रांचा नमुना कायदा येण्याच्या सहा वर्षे आधी जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने हाच प्रश्न हाती घेतला होता. ही अकादमी इस्लामी सहकार्य संघटनेची आहे. मार्च १९९० मधल्या सहाव्या अधिवेशनात तिने आधुनिक साधनांनी होणाऱ्या करारांविषयी ठराव केला. त्यात तार, टेलेक्स, फॅक्स आणि संगणकाचा पडदाही आहे.

ठरावाचा सारांश असा. दोघे एकमेकांना दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत आणि लेखी संदेशाने बोलणी चालली आहेत, तर ईजाब समोरच्यापर्यंत पोहोचून त्याने कबूल केले की सौदा होतो. टेलिफोनवर दोघे एकाच वेळी बोलत असतील, तर ते समोरासमोर बसल्यासारखेच धरायचे. विकणाऱ्याने काही दिवसांची मुदत देऊन भाव सांगितला, तर त्या मुदतीत त्याला मागे फिरता येत नाही.

काही व्यवहार मात्र अकादमीने यातून बाजूला काढले. निकाह, कारण त्याला गवाह लागतात. चलनाची किंवा सोन्याचांदीची अदलाबदल, कारण तिथे दोन्ही बाजूंनी जागच्या जागी ताबा लागतो. आणि सलम, म्हणजे पुढे मिळणाऱ्या मालाचा आगाऊ सौदा, कारण त्यात पूर्ण रक्कम लगेच द्यावी लागते.

आपल्या भारतीय कायद्यातही अशी वगळलेल्या कागदांची यादी आहे, आणि तिच्यात मृत्युपत्र आहे. म्हणजे अब्बूंनी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलेल्या वसीयतीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचा आधार मिळत नाही. वसीयत कागदावर, गवाहांसमोर करून ठेवणे हेच शहाणपणाचे. मोबाईलने बरेच सोपे केले आहे, पण जिथे साक्षीदाराचे डोळे लागतात तिथे दोन्ही परंपरांनी हात आखडता घेतला आहे.

दुबईचा ई-मेल

सही नसेल तर सौदा कसला, असे अजूनही पुष्कळांना वाटते. त्यांनी एक निकाल जरूर ध्यानात ठेवावा. ऑक्टोबर २००७ मध्ये दुबईच्या ट्रायमेक्स कंपनीने वेदांता ॲल्युमिनियम या भारतीय कंपनीला ऑस्ट्रेलियातून बॉक्साइट पुरवण्याचा प्रस्ताव ई-मेलने दिला. भाव, माल, जहाजे या सगळ्यावर ई-मेलची देवाणघेवाण झाली आणि वेदांताने ई-मेलनेच होकार कळवला. रीतसर कराराचा मसुदा त्यानंतर तयार होत होता, त्यावर सह्या व्हायच्या होत्या. दरम्यान ट्रायमेक्सने जहाजाची बोलणी पक्की केली आणि वेदांताने हात मागे घेतला. अंतिम करारावर सह्या झालेल्या नाहीत, तेव्हा सौदा झालाच नाही, असा तिचा बचाव होता.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तो मानला नाही. महत्त्वाच्या सगळ्या अटींवर ई-मेलमधून एकमत झाले असेल, तर करार झाला. पुढे कागद करायचा राहिला, एवढ्याने तो मोडत नाही.

हा धडा मोठ्या कंपन्यांपुरता नाही. भिवंडीचा कापडवाला किंवा घरून अत्तर विकणारी एखादी आपा व्हॉट्सॲपवर "हो, शंभर नग, अमुक भावाने, ईदच्या आठ दिवस आधी पाठवते" असे लिहिते, तेव्हा ती शब्द देऊन मोकळी होत नाही. ती करार करत असते. तोंडी शब्दाला आपल्याकडे जेवढा मान आहे, तेवढाच या टंकलेल्या शब्दाला कायद्यात आहे.

चुकीचे बटण

माणूस बोलता बोलता थांबतो, विचारतो, "एक म्हणालात की अकरा?" यंत्र विचारत नाही. एकाऐवजी अकरा नग टंकले गेले तर काय?

संयुक्त राष्ट्रांनी २००५ साली आंतरराष्ट्रीय करारांतील इलेक्ट्रॉनिक संदेशांविषयी एक आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. तो १ मार्च २०१३ पासून लागू आहे. त्याच्या कलम १४ मध्ये या चुकीचा विचार आहे. समोर माणूस नसून आपोआप चालणारी यंत्रणा असेल आणि तिने चूक सुधारण्याची संधीच दिली नसेल, तर चुकीचा भाग मागे घेता येतो. अटी दोन. चूक कळताच लगेच कळवायचे, आणि आलेल्या मालाचा फायदा घेऊन झालेला नसावा. "ऑर्डर पक्की करण्यापूर्वी तपासा" असे एक पान बहुतेक संकेतस्थळे दाखवतात. ते पान दाखवले की चूक सुधारण्याची संधी दिली असे होते. म्हणून ते पान घाईने पुढे ढकलू नका.

चूक विकणाऱ्याकडूनही होते. २००३ च्या जानेवारीत सिंगापूरच्या एका संकेतस्थळावर ३,८५४ डॉलरचा लेझर प्रिंटर नजरचुकीने ६६ डॉलरला लागला. सहा जणांनी मध्यरात्रीनंतर मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. संगणकाने आपोआप "ऑर्डर स्वीकारली" असे ई-मेल पाठवले. दुकानाने माल द्यायला नकार दिला तेव्हा हे सहा जण न्यायालयात गेले. त्यांचे आपसातले संदेश न्यायालयापुढे आले आणि भाव चुकीचा आहे हे त्यांना माहीत होते, हे त्यातून दिसले. उच्च न्यायालयाने २००४ मध्ये दावा फेटाळला आणि २००५ मध्ये अपिलातही तोच निर्णय राहिला. समोरच्याची चूक ओळखून ती हडपणाऱ्याला कायदा साथ देत नाही. आपल्या बाजारातल्या जुन्याजाणत्यांनी याहून वेगळे सांगितले नसते.

नेमके घरगुती ग्राहकाला वगळले

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. वर सांगितलेल्या २००५ च्या करारातून एक प्रकार सुरुवातीलाच वगळला आहे: स्वतःच्या, कुटुंबाच्या किंवा घरच्या वापरासाठी केलेले करार. मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीचा मोठा करार १९८० साली व्हिएन्नात झाला, १९८८ पासून तो लागू आहे आणि ९० हून अधिक देश त्यात आहेत. त्यातूनही घरगुती वापराची खरेदी वगळली आहे. शिवाय या दोन्ही करारांत भारत सहभागी नाही.

म्हणजे दोन कंपन्या देशोदेशी व्यापार करतात तेव्हा त्यांच्यासाठी सामायिक नियम आहेत. अम्मीने परदेशातून मिक्सरचे भांडे मागवले तर तिच्यासाठी असा सामायिक, बंधनकारक नियम नाही. हे कोणी विसरले म्हणून झालेले नाही. ग्राहकाला किती संरक्षण द्यायचे हे प्रत्येक देश आपल्या हातात ठेवू पाहतो. एखाद्या देशाचा कायदा ग्राहकाला उदारपणे हक्क देतो, दुसऱ्याचा देत नाही, आणि व्यापाराचा करार करताना हे भांडण आत आणायचे नाही असे सगळ्यांनी ठरवले.

संयुक्त राष्ट्रांची ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे १९८५ पासून आहेत आणि २०१५ मध्ये ती सुधारली गेली. दुकानातल्या ग्राहकाला मिळते त्याहून कमी संरक्षण ऑनलाइन ग्राहकाला मिळू नये, असे त्यात म्हटले आहे. पण ती मार्गदर्शक तत्त्वे आहेत. न्यायालयात त्यांच्या जोरावर वसुली होत नाही.

मग आधार कोणाचा?

आधार असतो देशाच्या कायद्याचा. युरोपीय संघात दूरवरून खरेदी केलेली बहुतेक वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत, कारण न सांगता परत करता येते. विक्रेत्याने हा हक्क सांगितलाच नाही, तर मुदत आणखी १२ महिन्यांनी वाढते. ब्रिटनमध्येही १४ दिवसांचा नियम आहे. सौदी अरेबियाने २०१९ साली ई-व्यापाराचा कायदा केला. त्यात वस्तू वापरलेली नसेल तर ७ दिवसांत सौदा रद्द करता येतो, काही अपवाद सोडून.

भारतात असा सरसकट "मन बदलले" म्हणून परत करण्याचा कायदेशीर हक्क नाही. तिथे दुकानाचे स्वतःचे परतीचे नियम चालतात. मात्र ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालचे ई-कॉमर्स नियम २०२० यांनी बरेच काही दिले आहे. बाजारपेठेसारख्या संकेतस्थळावर विकणाऱ्याला सदोष, बनावट, जाहिरातीप्रमाणे नसलेली किंवा सांगितलेल्या वेळेनंतर आलेली वस्तू परत घ्यायला नकार देता येत नाही, उशिराला काही अटळ कारण असेल तर गोष्ट वेगळी. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची. तुमच्या संमतीची खूण त्यांनी आधीच करून ठेवायची नाही, ती तुम्हीच करायची. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी फसव्या मांडणीचे १३ प्रकार नावानिशी सांगितले आहेत. टोपलीत न मागितलेली वस्तू गुपचूप टाकणे, "फक्त दोनच उरले" अशी खोटी घाई करणे, शेवटच्या पानावर नवे शुल्क उघड करणे हे त्यातलेच.

दोन गोष्टी इथे अधोरेखित करतो. पहिली, हे ई-कॉमर्स नियम भारताबाहेरच्या, पण भारतीय ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या कंपनीलाही लागू आहेत. दुसरी, २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. खामगाव की अहमदाबाद हा वाद ग्राहकापुरता कायद्याने मिटवला आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी आयोगात शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

पण एक अडचण उरते, आणि ती लपवून उपयोग नाही. विकणाऱ्याचे भारतात ना कार्यालय, ना माणूस, ना बँकखाते, अशा वेळी आयोगाचा हुकूम हातात असूनही तो बजावायचा कोणावर? परक्या देशात आपला हुकूम चालवून घेणे हे त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून, वेळखाऊ आणि खर्चाचे काम. आठशे रुपयांच्या हिजाबसाठी ते कोणी करत नाही. म्हणून परदेशी खरेदीत खरे संरक्षण पैसे पाठवण्याच्या आधी असते.

घरून माल विकणाऱ्या बहिणींसाठी

आपल्या अनेक घरांत आता बाया अबाया शिवून, लोणची-मसाले करून, अत्तर भरून ऑनलाइन विकतात. गिऱ्हाईक दुबई, कुवेत, लंडनपर्यंत असते. त्यांनी ग्राहकाचे कायदे दुसऱ्या बाजूने वाचावेत.

युरोपीय न्यायालयाने २०१० साली सांगितले की संकेतस्थळ युरोपात दिसते एवढ्याने विक्रेता तिथल्या ग्राहकाकडे वळला असे होत नाही. पण तिथले चलन, तिथली भाषा, परदेशी ग्राहकांसाठी दिलेला फोनचा क्रमांक, तिथे माल पोहोचवण्याची जाहिरात अशा खुणा असतील, तर तो तिथल्या ग्राहकाला बोलावतो आहे असे धरता येते. मग तिथल्या ग्राहकाचे हक्क लागू होऊ शकतात. सौदीचा कायदाही देशाबाहेरून सौदी ग्राहकाला विकणाऱ्यापर्यंत पोहोचतो. तेव्हा "सर्व देशांत पाठवतो" असे लिहिण्याआधी परतीचा नियम काय ठेवणार, परतीचे टपाल कोण भरणार आणि तिथली जकात कोणावर, हे ठरवून स्पष्ट लिहा. ग्राहकाच्या मापाने शिवलेल्या कपड्याला युरोप-ब्रिटनच्या १४ दिवसांच्या नियमातून सूट आहे. म्हणून माप लेखी मागवा आणि ते जपून ठेवा.

आणखी एक गोष्ट. जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिरातीच्या ठराविक न्यायालयांचे हुकूमनामे भारतात अंमलात आणता येतात. दुबईच्या व्यापाऱ्याचा आगाऊ पैसा घेऊन माल न देणाऱ्याला आता समुद्र आड येत नाही.

खरेदी करताना

पैसे भरण्यापूर्वी विकणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता, देश आणि तक्रारीचा संपर्क दिसतो का ते पाहा. यातले काहीच नसेल तर तिथे खरेदी करू नका, भाव कितीही उतरलेला असो. अटींच्या पानावर "कायदा आणि न्यायालय" हा परिच्छेद शोधा. कुठल्या देशाचे न्यायालय लिहिले आहे ते एकदा वाचा. परतीची मुदत आणि परतीचा खर्च कोणाचा, हेही वाचा.

पैसे शक्यतो कार्डाने भरा. माल न आल्यास बँकेकडे 'चार्जबॅक' मागता येतो, म्हणजे रक्कम परत वळवण्याची मागणी करता येते. तिला मुदत असते, म्हणून उशीर करू नका. कोणाच्या खासगी खात्यावर परस्पर पाठवलेले पैसे परत मिळवणे फार अवघड जाते.

ऑर्डरची पावती, वस्तूचे चित्र, वर्णन आणि सगळे संदेश जपून ठेवा. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, मूळ संदेश फोनमधून पुसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात द्यायची तर सोबत ठराविक प्रमाणपत्र लागते. मूळ फोन आणि मूळ संदेश असेल तर ते देणे सोपे जाते. पार्सल उघडताना व्हिडिओ काढण्याची सवयही चांगली.

तक्रार आधी विक्रेत्याच्या अधिकाऱ्याकडे लेखी करा आणि तिचा क्रमांक घ्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यापुढे 'ई-जागृती' या सरकारी संकेतस्थळावरून जिल्हा आयोगाकडे घरबसल्या तक्रार दाखल करता येते. दुकानच खोटे निघाले, तर तो सौद्याचा वाद नाही, ती फसवणूक आहे. अशा वेळी एक तासही न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. पैसे पुढे सरकण्याआधी थांबवता येण्याची आशा पहिल्या काही तासांतच असते.

घरात मोबाईल सगळ्यात सराईतपणे वापरणारी मुले असतात आणि पैसे अब्बूंच्या खात्यातले असतात. हा लेख त्यांनाही वाचायला द्या. एका बोटाने केलेला सौदाही सौदाच असतो आणि त्याची जबाबदारीही तितकीच असते, हे त्यांना शाळेत कोणी सांगेल असे नाही. ते घरातच सांगावे लागेल.